दोराच्या वरच्या टोकाला

बेडश्याचा भिमाजी केदारी खंडाळ्याच्या घाटात रेल्वेच्या दरडीच्या टोळीत होता. पावसाळ्याआधी कड्यावरचे सुटलेले दगड पाडायचे, हे या टोळीचे काम. एक गडी कमरेला आणि मांड्यांना दोर बांधून कड्यावरून उतरायचा. दुसरा कड्याच्या मधल्या टप्प्यावर बसायचा. दोराचा एक वेढा झाडाच्या बुंध्याला, बाकीचा दोर त्याच्या हातात. उतरलेला गडी पहारीने दगड ठोकून बघायचा. भरीव दगड खणकन वाजतो, सुटलेला बद्द वाजतो. बद्द वाजला की खाली रुळावरच्या निशाणवाल्याकडे बघायचे. त्याने निशाण दाखवले की पहार दगडाच्या बुडाशी घालायची आणि पायांनी कडा रेटून अंगाचे सगळे वजन पहारीवर टाकायचे. नुसत्या हाताने जोर करणारा दुपारपर्यंत संपतो. भिमाजी दिवस मावळेपर्यंत टिकायचा.

घाटात विजेच्या गाड्या नुकत्याच सुरू झाल्या होत्या. वाफेची गाडी धापा टाकत यायची, लांबून कळायची. ही गुपचूप यायची. तरी भिमाजीला कड्याची भीती अशी कधी वाटली नव्हती.

मार्गशीर्षात एका पहाटे तो उजव्या कुशीवर वळला आणि घराचे आढे गरगर फिरू लागले. त्याने घोंगडी दोन्ही मुठींत धरली. थोड्या वेळाने आढे जागेवर आले. बायको धोंडाबाई म्हणाली, पित्त झालंय. तिने सुंठ उकळून दिली. भोवळ गेली. मग पुन्हा आली, पुन्हा गेली. आठवडेच्या आठवडे काही नसे आणि एखाद्या सकाळी उठता उठता जमीन तिरकी होई. भिमाजीला भोवळीची एवढी धास्ती नव्हती. ती कुठे येईल याची होती.

टोळीचा एक रिवाज होता. उतरण्याआधी प्रत्येकाने शेंदूर फासलेल्या एका दगडापाशी गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावायचे. ती कड्यावरची वाघजाई. हंगाम सुरू झाला. भिमाजीने कपाळ टेकले, मान वर केली, आणि कडा, आभाळ, दरी एकदम फिरली. देवी कोपली, हे त्याच्या मनाने तिथेच घेतले. काय चुकले ते आठवेना. म्हणून त्याने उपास धरला, नारळ फोडला, आणि बाकीचे एकदा कपाळ टेकत तिथे तो परत परत टेकू लागला. जितके टेकावे तितकी भोवळ, आणि जितकी भोवळ तितके टेकणे. तसाच तो कड्यावरून खाली जाई. कुणाला सांगण्याची सोय नव्हती. भित्रा म्हणून नाव झालेल्या गड्याचा दोर धरायला टोळीत कुणी तयार होत नसे.

एका सुट्टीच्या दिवशी धोंडाबाईने त्याला माळ्यावरचे तांदळाचे गठुडे काढायला सांगितले. त्याने वर बघितले आणि मेढीचा खांब धरला.

"आली का?"

"आली."

"काल चुलीपाशी लाकडं उचलताना आली. परवा उजव्या कुशीला आली. आन आता वर बगितलं तर आली. देवी माळ्यावरबी बसती व्हय?"

"तोंड सांभाळ."

"मी तोंड सांभाळते. तुमी मान सांभाळा. डोस्कं खालीवर झालं की भोवळ येती, येवढंच हाय ते."

त्याने करून बघितले. मान ताठ ठेवून, गुडघ्यात बसून लाकडे उचलली. भोवळ आली नाही. याने जीव भांड्यात पडायला हवा होता. पण पडला नाही. देवी कोपली असती तर तिची समजूत काढता आली असती. मान वर न करता कड्यावर काम कसे करायचे?

चैत्रात एका सकाळी तो दोरावर असताना वरून खडे सुटले. खडे सुटले की वर बघायचे, हा त्या कामातला पहिला धडा. अंगात भिनलेला. त्याने बघितले. कडा फिरला. हातातली पहार सुटली आणि खाली रुळावर खणाणली. डोळे मिटून त्याने गाल दगडाला दाबला. पाय कुठे, दोर कुठे, खाली कुठले आणि वर कुठले, काही कळेना.

"भिमा, वढू का ढील देऊ?" दस्तगीर वरून ओरडला. इंदुरीचा दस्तगीर कैक हंगाम त्याचा दोर धरत आला होता.

दस्तगीरने ओढलेही नाही, ढीलही दिली नाही. दोर होता तिथे धरून ठेवला. अशा वेळी तेवढेच करायचे असते. बऱ्याच वेळाने खालून आवाज आला, "वढ."

वर आल्यावर भिमाजीने सगळे सांगितले.

"कवापास्नं?"

"मार्गशीर्षापास्नं."

"आन मी हितं एका हातात दोर धरून बिडी वढतोय." दस्तगीरने बिडी दगडावर चिरडली. "सांगायचं तरी हुतंस."

"सांगितलं असतं तर धरला असतास?"

"दोनी हातांनी धरला असता."

दुसऱ्या दिवसापासून दस्तगीर खाली आणि भिमाजी वर, असे ठरले. मुकादम हौशीरामला नुसती अदलाबदल सांगितली. तो म्हणाला, कोन वर, कोन खाली, मला काय, दगड पडले पायजेत.

भिमाजीने पाठ बुंध्याला टेकवली, टाचा मुळीला अडवल्या, हनुवटी सरळ ठेवली. नजर फक्त दोरावर. दोरावर होता तेव्हा त्याचाच जीव टांगलेला होता. आता दुसऱ्याचा होता. दस्तगीरची बायको मेहमुदा रोज भाकरी घेऊन यायची. भिमाजी तिच्याशी बोलायचे टाळू लागला.

असेच एकदा खालून हाक आली. "भिमा, खडे येत्यात. तुज्या वरचा धोंडा बग. हलतोय का?"

"थांब," तो म्हणाला. त्याने बुंध्याला दोराचे आणखी वेढे घेतले, गाठ मारली, अंग मागे टाकून गाठ ओढून बघितली. मग वर बघितले.

धोंडा हलला. झाड हलले, आभाळ हलले. सगळेच फिरत होते. त्यात धोंडा स्वतः हलतोय की नाही, हे कसे ओळखायचे? त्याने डोळे मिटले, उघडले. तेच.

"काय रं?"

हलत नाही म्हणावे आणि तो हलत असला, तर माणूस त्या धोंड्याखाली राहणार.

"मला कळंना," भिमाजी म्हणाला. "वर ये."

खालून दोर ताठ झाला. भिमाजीने गाठ आणि जादा वेढे सोडले आणि डोळे मिटून, पायांच्या जोरावर त्याला वर घेतले. रुळावरून हौशीराम ओरडला, "वर काय सोयरीक जुळवताय का रं?"

दस्तगीर गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत धोंड्याकडे बघत राहिला. बराच वेळ.

"न्हाई हलत," तो म्हणाला.

"नक्की?"

"नक्की."

भिमाजीने बुंध्यावरचा वेढा तपासला. तळवे ओले झाले होते, ते त्याने मातीत चोळले. दस्तगीर दरीकडे पाठ करून कड्याच्या टोकाशी उभा राहिला. तो आता धोंड्याकडे नाही, भिमाजीच्या तोंडाकडे बघत होता.

"ढील," तो म्हणाला.

भिमाजीने दिली.