भोगीच्या सकाळी अडलेली व्हॅन

पार्बताबाईला राग आला की तिचा आवाज चढत नसे, उतरत असे. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती मोठ्यानं बोलत असली तर माणसं खुशाल उभी राहत. हळू बोलायला लागली की ज्याला त्याला घरचं काम आठवे.

भोगीच्या दिवशी, नीट उजाडायच्या आतच, ती हळू बोलत होती.

बाळापूरपासून कोसभर असलेल्या त्या गावात आठवडाभर कडाक्याची थंडी पडली होती. अंगणात डिझेलची जुनी व्हॅन भरून उभी होती. वांगी, वालाच्या शेंगा, गाजरं, हरभऱ्याचे ढाळे, सांबार म्हणतात त्या कोथिंबिरीच्या जुड्या, वर झेंडूच्या दोन टोपल्या. निम्मा माल तिचा, निम्मा शेजारच्या आशाबाईचा. भोगीची भाजी भोगीच्या सकाळीच विकायची असते. दुपारी ढाळे घेऊन बसलं तर कोणी ढुंकून बघत नाही. आणि व्हॅन उठत नव्हती. चावी फिरवली की घर्र घर्र करायची, मागून पांढऱ्या धुराचा लोट सोडायची आणि गप्प व्हायची.

"अवं, जरा थांबून चावी मार," आशाबाई म्हणाली.

"थांबूनच मारून राहिली मी," पार्बताबाई पुटपुटली. आशाबाई दोन पावलं मागं सरकली.

ही व्हॅन देवीदासची. त्यानं ती जुनीच घेतली आणि बारा वर्षं रोज अकोल्याला नेली. त्या बारा वर्षांत पार्बताबाई चालकाच्या सीटवर एकदाही बसली नव्हती. एकदा तिनं विचारलं होतं, स्टिअरिंगमागं हे पिवळ्या दिव्याचं वेटोळं कशाचं, चावी फिरवली की लागते ते. देवीदास म्हणाला होता, "तुले काय कराचं? तू भाजी खुड." तो विसरून गेला, ती विसरली नाही.

दीड वर्षापूर्वी देवीदासला लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पुण्यात नोकरीला असलेल्या मुलानं, कुंदननं, फोनवर सांगितलं, "आई, गाडी विकून टाक." तिनं फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी अकोल्यातल्या मोटार ड्रायव्हिंगच्या वर्गात नाव घातलं. वय सत्तेचाळीस. बरोबर कॉलेजातल्या पोरी. पहिल्या महिन्यात घराचं फाटक पाडलं, तिसऱ्या महिन्यात लायसन हातात आलं. लोक आता सांगतात की बाईनं जिद्द दाखवली. तिला विचाराल तर ती सांगेल, जिद्द कुठची, नुसता राग होता. विक म्हणणाऱ्याचा राग, हसणाऱ्यांचा राग, आणि खाटेवर पडून मुक्यानं बघत राहणाऱ्याचा सगळ्यांत जास्त.

दिवाळीनंतर थंडी सुरू झाली तशी व्हॅन सकाळी कुरकुर करायला लागली. अकोल्याच्या बायपासजवळ गजेंद्रचं गॅरेज होतं, देवीदास वर्षानुवर्षं तिथंच जायचा. गजेंद्र म्हणाला, "काकू, हीटर प्लग गेले. इंजिन गार असलं का हेच त्याले आतून तापवतेत. चारही नवे टाकले." आठ दिवस बरे गेले, मग पुन्हा तेच. ती परत गेली. तिसऱ्या वेळी गजेंद्रनं बोनेटसुद्धा उघडलं नाही. चार गिऱ्हाइकांसमोर हात पुसत म्हणाला, "गाडीत काईच नाई काकू. हाताचा फरक असते. काका एका चावीत उठवत होते का नाई?"

गिऱ्हाइकं हसली. पार्बताबाई घरी आली. वाईट हे की तिला ते पटलं. महिनाभर ती स्वतःच्या हातांकडे बघत होती.

आता अंगणात ती आठव्यांदा चावी फिरवत होती आणि बॅटरीचा दम संपत चालला होता. रस्त्यापलीकडचे खुशालराव घोंगडी पांघरून, चहाचा गिलास घेऊन फाटकाशी आले.

"बाई मानसाचं काम नोहे हे, पार्बताबाई. कोन्या ड्रायव्हरले बोलावा."

तिनं पुन्हा चावी फिरवली. तेवढ्यात ओसरीवरून आवाज आला. देवीदास खाटेवर उठून बसला होता आणि डाव्या हातानं खाटेची पाटी बडवत होता. "आ... आ..."

तिच्या मस्तकात तिडीक गेली. खाली उतरून ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"काहून बोंबलता? मले येत नाई, हेच सांगाचं ना? सांगा. सारा गाव सांगून राहिला, तुमीच काहून मांगं राहता?"

देवीदासनं डावा हात तिच्या तोंडासमोर धरला. चार बोटं वर. मग त्यातली दोन मिटली. पुन्हा चार, पुन्हा दोन. धुराकडे हात केला.

"चार मानसं लागतीन म्हनतेत का धकवाले?" आशाबाईनं विचारलं.

देवीदासनं कपाळावर हात मारून घेतला. मग इकडेतिकडे पाहिलं. अंगणातल्या चुलीवर आंघोळीचं पाणी उकळत होतं. त्यानं चुलीकडे बोट केलं आणि शेकोटीला धरावा तसा तळहात पुढं धरला. चार बोटं. दोन मिटली.

पार्बताबाई त्या बोटांकडे बघत राहिली.

"हीटर," ती म्हणाली. "चार हीटर. त्यातले दोन मेले?"

त्यानं मान हलवली.

"पन त्यानं तं चारही नवे टाकले."

देवीदास ओसरीखाली थुंकला.

तिनं आणि आशाबाईनं त्याला धरून खुर्चीत बसवलं आणि खुर्ची बोनेटपुढं आणली. सीटखालच्या पेटीत दोन वायरी जोडलेला एक छोटा बल्ब होता, देवीदासनंच केव्हातरी बनवलेला. त्यानं डाव्या हातानं दाखवलं तसं तिनं केलं. आधी पान्यानं चारही प्लगांना जोडणारी पट्टी सोडवली. बल्बची एक वायर बॅटरीच्या लाल टोकाला लावली, दुसरी पहिल्या प्लगच्या डोक्याला. बल्ब लागला. दुसऱ्याला लावली, अंधार. तिसऱ्याला, अंधार. चौथ्याला लागला.

मग तिनं फडक्यानं पुसून नीट पाहिलं. लागणारे दोन प्लग कोरे चकचकीत होते. मेलेले दोन गंजून काळे झालेले, त्यांना वर्षानुवर्षं कोणाचा पानाही लागलेला नव्हता. दोनच बदलले होते आणि चार सांगितले होते. आणि वर, हाताचा फरक.

तिनं पट्टी पुन्हा आवळली.

"आता?"

देवीदासनं उकळत्या पाण्याकडे आणि गोणपाटाकडे बोट केलं. गोणपाट पाण्यात बुचकळून, काठीनं उचलून तिनं इंजिनाच्या डोक्यावर, तो दाखवेल तिथं टाकलं. वाफ निघाली. त्यानं हात वर धरला, थांब. दोनदा पाणी बदललं. मग ती सीटवर बसली. त्यानं बोट केलं की चावी अर्धी फिरवायची, पिवळं वेटोळं, म्हणजे हीटरचा दिवा, विझेपर्यंत थांबायचं, परत फिरवायची. असं तीनदा. बॅटरीत आता जोर नव्हता, पण अंगणापुढचा रस्ता नदीकडे उताराचा होता.

ती खिडकीतून अगदी हळू म्हणाली, "खुशालराव, गिलास खाली ठेवा अन् मांगून धक्का मारा."

खुशालरावांनी गिलास खाली ठेवला. आशाबाईनं पदर खोचला. व्हॅन हलली, उताराला लागली. तिनं दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला. एक हिसका, दुसरा हिसका, पांढरा धूर, मग काळा, आणि इंजिन खडखडत सुरू झालं. ते तापेपर्यंत तिनं ॲक्सिलरेटरवरून पाय काढला नाही. मग व्हॅन वळवून अंगणात आणली आणि चालू ठेवूनच खाली उतरली.

आशाबाईला वाटलं, आता ही नवऱ्याचा हात धरील.

"बारा वर्सं," पार्बताबाई देवीदासला म्हणाली. "एवढं सारं येत होतं तुमाले. एक दिस सांगतलं नाई. महिनाभर मी सोताच्या हाताले शिव्या देऊन राहिली."

देवीदासची मान खाली गेली. त्याच्या तोंडून काहीतरी आवाज निघाला. त्याचा अर्थ लावायला ती थांबली नाही.

"चला. गाडीत बसा," ती म्हणाली.

अकोल्याच्या जठारपेठेत साडेनऊपर्यंत माल संपला. तोवर तिनं इंजिन बंद केलं नाही. लोक म्हणाले बाई, डिझेल जळते. जळू द्या, ती म्हणाली. तिथून ती सरळ गॅरेजवर गेली.

"या काकू," गजेंद्र म्हणाला. "काय म्हनते गाडी?" मग त्याला शेजारच्या सीटवर देवीदास दिसला आणि त्याचं हसू मावळलं.

पार्बताबाईनं इंजिन बंद केलं, स्वतः बोनेट उघडलं, पट्टी सोडवली, बल्ब जोडला. बाकड्यावर तीन गिऱ्हाइकं बसली होती. ती त्यांना दिसेल असं उभी राहिली.

"हा लागते. हा नाई. हा नाई. हा लागते," ती इतकं हळू म्हणाली की ऐकायला माणसं उठून जवळ आली. "गजेंद्र, यात माह्या हाताचा फरक कोनता, दाखव."

"कारागिरानं चुकून..."

"चुकून दोन टाकले अन् चुकून चार सांगतले. अन् मले हसला, थे पन चुकून?"

गजेंद्र देवीदासकडे वळला, जुन्या ओळखीच्या आशेनं. देवीदासनं खिडकीतून डावा हात बाहेर काढला आणि चारातली दोन बोटं मिटून दाखवली. गजेंद्रनं नजर खाली घातली.

त्यानं दोन नवे प्लग आणले. तिनं दोन्ही आधी बॅटरीवर लावून दाखवायला सांगितले, टोकं लालभडक होईपर्यंत. एक त्यानं बसवला.

"आता पाना मले दे."

दुसरा तिनं बसवला. त्याला वेळ लागला. कोणी हसलं नाही. मग ती सीटवर बसली, वेटोळं विझू दिलं आणि चावी फिरवली. व्हॅन एका चावीत उठली. पुन्हा त्या गॅरेजची पायरी ती चढली नाही.

परतताना वाटेतल्या व्याळा गावाच्या अलीकडे तिनं व्हॅन बाभळीखाली उभी केली. राग अजून गेला नव्हता. कितीतरी गोष्टी अजून त्याच्या एकट्याच्या डोक्यात होत्या आणि तोंड तर बंद झालेलं.

"डिझेलमधी पानी उतरते म्हनतेत," ती म्हणाली. "थे कुठून काढाचं?"

देवीदासनं खाली बोट दाखवलं. तिनं दार उघडून त्याला कडेला वळवून बसवलं, रिकामं पोतं अंथरलं, पदर कमरेला घट्ट खोवला आणि गाडीखाली शिरली.

"हे का?" खालून तिचा आवाज आला. "का हे? बोट नीट दाखवा, मले इथून दिसत नाई."