जहाजाच्या लाकडाचं टेबल

टेबल ओल्या फडक्यानं पुसलं की अजून डांबराचा वास येतो. जुनं जहाज मोडून निघालेलं आफ्रिकेतलं लाकूड ते. रोह्याच्या कंपनीतून निवृत्त झाल्यावर यजमानांनी रामवाडीच्या सुताराकडून आठ माणसांचं जेवणाचं टेबल करून घेतलं. त्यानं ते घरातच जोडलं. "काकू, ह्ये आता दारातून बाहेर जायाचं नाय," म्हणाला. गणपतीत मुलं-सुना आली, पण सणाची पंगत म्हणून पानं जमिनीवरच मांडली. हे मात्र हट्टानं टेबलापाशी एकटेच बसले. "तू तरी बस गो समोर," मला म्हणाले. "सगळ्यांना वाढून होऊ दे, मग बसते," मी म्हटलं. मी माझं पान घेऊन आले तोवर ते हात धुवायला उठले होते. ते गेल्यापासून आता एकटीचंच पान असतं. ते त्यांच्या रिकाम्या खुर्चीच्या समोरच्या बाजूला मांडते आणि गरम असतानाच जेवायला बसते.