सुनेची बाटली

"तू इथंच थांब, चपलांपाशी. आत मोठी मंडळी बसलीत," कंपाउंडर म्हणाला. मी थांबले.

आत आमच्या डॉक्टरांचा सत्कार होता. मधुमेहाचे रोगी पथ्याबद्दल खोटं का बोलतात, यावर त्यांनी निबंध वाचला होता. रोग्याच्या मनाचा असा अभ्यास आपल्याकडे कुणी केला नव्हता, असं अध्यक्ष म्हणाले. शाल झाली, नारळ झाला. मग डॉक्टर उठले आणि सांगलवाडीच्या एका म्हातारीची गोष्ट सांगू लागले. ती स्वतःच्या जागी सुनेची लघवी तपासायला आणायची. सगळे हसले. दारातला कंपाउंडरही हसला.

म्हातारी वारली, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही. आणि ती गोष्ट त्यांना मी पुरवली होती.

मी महारवाड्यातली. सांगलीच्या त्या दवाखान्यात नऊ वर्षं लघवीच्या बाटल्या धुतल्या. दुसरं कुणी त्यांना हात लावत नसे. कंपाउंडरला आळस, म्हणून तपासणीही मीच करायची. निळ्या औषधात आठ थेंब टाकायचे, उकळवायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. विटकरी झालं तर फार.

म्हातारीचं नाव गंगूबाई. घरचा ऊस, घरचं गुऱ्हाळ. रोज नावेनं नदी ओलांडून सुई घ्यायला यायची. बाटली माझ्या हातात देत नसे, खाली ठेवायची. मी उचलायची. तिची नळी कायम निळी. म्हणून डॉक्टरांनी सुईतलं औषध कमी केलं. लढाईमुळे ते पुरेसं मिळतही नव्हतं. पण बाई वाळत चालली होती, बाकावर बसल्या बसल्या तांब्याभर पाणी संपवायची. एकदा ती मागच्या मोरीत जाऊन आली. थोड्या वेळानं मी पाहिलं तर तिथं मुंग्यांची रांग.

मी तिला गाठलं. "मावशी, बाटली कुणाची?"

ती इकडंतिकडं बघून म्हणाली, "सुनंची. काय करू बाय? डॉक्टर लय बोलत्यात, चार माणसांत. आन् गूळ खाऊ नको म्हनत्यात. रस कढून गुळाचं आदान उतरलं की चव मी बगती. आमच्यात सासूच बगती. मी न बगून कसं चालंल? कुनाला सांगू नगंस."

"नाही सांगत," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सांगितलं. मला वाटलं होतं, डॉक्टर औषध वाढवतील. हे खरं आहे, पण एवढंच खरं नाही. मला काही कळलंय, असं म्हटल्यावर डॉक्टरांनी स्टुलाकडे बोट केलं. "बस." नऊ वर्षांत पहिल्यांदा. मी बसले आणि बोलत सुटले. मुंग्या, सून, गूळ, सगळं. ते लिहून घेत होते. ती बाटली खाली ठेवायची, त्याचा राग मी त्या वेळी काढला का? थोडा काढला. खोटं कशाला बोलू.

गंगूबाई आली तेव्हा बाक भरलेला होता. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "काय म्हातारे, उद्यापासून सुनेलाच सुई टोचू का?"

बाक हसला. तिनं डॉक्टरांकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. पदर सावरला आणि निघून गेली. पुन्हा आली नाही. पंधरा दिवसांत गेली.

सत्काराच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला आत बोलावलं. "असे आणखी कोण कोण आहेत, त्यांची नावं दे. पुढचा निबंध करायचाय."

मला तिघं माहीत होते.

"नावं देणार नाही," मी म्हणाले.

"का?"

"तुम्ही चारचौघांत बोलता, म्हणून लोक दुसऱ्याची बाटली आणतात. एकेकाला आत घ्या, दार लावा, मग विचारा. खरं सांगतील."

"तू मला शिकवणार?"

"शाल मी सांगितलेल्याचीच मिळाली ना तुम्हाला?"

त्यांनी समोरची वही मिटली. मग म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस."

"बरं."

त्याच दिवशी मी त्या तिघांच्या घरी गेले. दुसऱ्याची बाटली नेलीत तर मराल, असं स्पष्ट सांगितलं. मिरजेला एक डॉक्टर आहेत, ते ओरडत नाहीत. तिघांपैकी दोघं माझ्याबरोबर यायला तयार झाले. तिसऱ्यानं दार लावून घेतलं. त्याच्याकडे पुन्हा जायचं आहे.

पण सांगलवाडी राहिली. तिथं गंगूबाईची सून आहे, विशीतली. सासूनं मागितली म्हणून तिनं बाटली भरून दिली. आता लोक म्हणतात, हिनंच सासूला मारली. तिला माहेरी धाडायचं घाटतंय, असं नाववाल्यानं सांगितलं. पोरगी गप्प असते म्हणे. तिलाही तसंच वाटत असेल.

उद्या सकाळी जाणार आहे. गुऱ्हाळ चालू असताना, सगळे गडी, भाऊबंद तिथं असताना. सांगणार आहे की गंगूबाईनं विश्वासानं सांगितलेलं मी फोडलं, म्हणून तिचं येणं थांबलं, सुई थांबली. डॉक्टरांचंही सांगणार, पण माझं आधी. ते मला जवळ येऊ देणार नाहीत, लांब उभी करतील. लांबून मोठ्यानं बोलेन. सगळ्यांना ऐकू जाईल.