त्र्याहत्तर गुणिले एकशे सदतीस

मिरचीबाई हे नाव काही उगाच पडलं नव्हतं. गणित शिकवताना बाईंचा आवाज तीन वर्गांपलीकडे जायचा. पोरं त्यांना टरकून असायची, मागे नकलाही करायची, आणि गणित अडलं की मुकाट त्यांच्याच घरी यायची.

सुताराची मुलगी त्यांतलीच. वसतिगृहाच्या मोफत शाळेत तिचा प्रवेश एका गुणाने हुकला. प्रवेशपरीक्षेतला प्रश्न होता: दहा हजार एक ही संख्या मूळ की संयुक्त? पोरीने लिहिलं, संयुक्त. त्र्याहत्तर गुणिले एकशे सदतीस. आणि त्यावर चक्क फुली! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या तडक परीक्षेच्या कचेरीत धडकल्या.

"पन्नासच्या आतल्या एकाही संख्येने भाग जात नाही हो," तपासणीप्रमुख म्हणाले. "आम्ही तिघांनी करून पाहिलंय."

"पन्नासलाच का थांबलात?"

"नेहमी तिथेच थांबतो की!"

खरंच होतं ते. तिथली सगळीच मास्तरमंडळी पन्नासला थांबायची. पुस्तकातल्या संख्या अडीच हजारांच्या, म्हणजे पन्नासच्या वर्गाच्या आत, तिथे तेवढं पुरतं. पण दहा हजार एकसाठी शंभरपर्यंत जावं लागतं, आणि हे शहाणे अर्ध्या वाटेत बसकण मारून मोकळे! बाईंनी खडू उचलून फळ्यावर गुणाकार मांडला. प्रमुखांनी तो दोनदा केला. दोन्ही वेळा दहा हजार एकच आले.

"मान्य," ते घाम पुसत म्हणाले. "पण निकाल लागलाय, बाई. शेकडो पोरांनी मूळ लिहून गुण घेतलेत. ते काढले तर आईबाप आमच्या उरावर बसतील."

"कुणाचे काढू नका. हिला तेवढा द्या!"

"एकीला दिला म्हणजे चूक कबूल केल्यासारखं होईल."

"अहो, मग केलीच आहे ना चूक! चोर तो चोर, वर शिरजोर!"

शिपायाने दार उघडून धरलं. बाई तणतणत बाहेर पडल्या. आपल्या अब्रूसाठी पोरीचं वर्ष घशात घालतात, आणि लाजही वाटत नाही मेल्यांना!

सुताराच्या कारखान्यात पोरगी भुसा झाडत होती. बाईंनी झालं ते सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"जाऊ द्या बाई. पुढच्या वर्षी परत बसता येतं. हाच प्रश्न आला तर मूळ लिहीन."

"खबरदार!" बाई एवढ्या जोरात ओरडल्या की सुताराची करवत थांबली. "खोटं आहे ते! मरेपर्यंत लिहायचं नाही!"

पोरीने गोंधळून झाडू खाली ठेवला.

"मग मला शाळेत घेतील का, बाई?"