एका न्हाणीला दोन दारं

कर्नल म्हणजे संगणकाच्या पोटात बसून बाकी सगळ्यांवर हुकूम चालवणारा प्रोग्राम. त्यात एक खोडी असते. दोन कामं एकाच क्षणी एकाच जागेत डोकावतात, दोघांनाही ती रिकामी दिसते, दोघंही त्या भरवशावर पुढचं पाऊल टाकतात, आणि सगळं यंत्र जागच्या जागी गोठतं. असल्या खोड्या काढण्यात माझी नोकरी सरली. तरुण पोरं विचारतात, सर, हे कुठल्या विद्यापीठात शिकलात? मी सांगतो, अमरावतीला, एका न्हाणीत, उघड्या अंगानं. त्यांना तो विनोद वाटतो.

साठच्या दशकात मी बाळापूरहून इंटर सायन्ससाठी अमरावतीला आलो. खोली इतकी अरुंद की कूस बदलायची तर आधी जोडीदाराला उठवावं लागे. जोडीदार मोर्शीचा, त्याच्या ट्रंकेलाच काय, वह्यांनासुद्धा संत्र्याचा वास. भिंतीपलीकडे काकू आणि त्यांचे कचेरीत कारकून असलेले यजमान. दोन्ही बिऱ्हाडांत न्हाणी एकच. तिचं एक दार आमच्या खोलीत उघडे, दुसरं काकूंच्या स्वयंपाकघरात. आधी आतून कड्या होत्या, पण निघताना काकूंच्या दाराची कडी काढायला मी हमखास विसरे आणि काकू डोक्याला शिकेकाई फासून बाहेर ताटकळत. शेवटी त्यांनी सुताराकडून आतल्या दोन्ही कड्या उपटून घेतल्या. नवा कायदा असा, की जाणाऱ्यानं हाळी द्यायची आणि पलीकडच्यानं आपल्या बाजूनं, बाहेरून कडी लावायची. शिवाय आम्ही बाहेर जाताना न्हाणीत डोकावून, कोणी नाही हे बघून, आमचीही कडी लावायची. नाहीतर काकूंची मांजर येऊन आमचं दूध संपवी. वाघाएवढी मांजर होती ती, निदान शेपटीपुरती तरी.

रसायनाच्या प्रॅक्टिकलच्या दिवशी सकाळची पाळी माझी, दुपारची जोडीदाराची. प्रॅक्टिकल चुकलं की वर्ष बुडालं. जोडीदारानं न्हाणीत डोकावलं, रिकामी दिसली, तो रस्त्यावर सायकलीत हवा भरायला गेला. तेवढ्यात मी मागच्या अंगणातून बंबाचं पाणी घेऊन आलो, काकूंना हाळी दिली आणि दार लोटून तोंडाला साबण लावला. जोडीदार परतला. त्याला वाटलं, मी कधीच कॉलेजात गेलो, आणि न्हाणी तर त्यानं बघितलेलीच होती. त्यानं कडी लावली. त्याच क्षणी पलीकडून काकूंनी लावली. दोन्ही कड्या इतक्या एकदम पडल्या की मला एकच खट्‌ ऐकू आलं. म्हटलं, लावली काकूंनी, आता निवांत.

निवांतच. अंग पुसून दार ओढलं, हलेना. दुसरं ओढलं, तेही हलेना. जोडीदार खोलीला कुलूप घालून वाचनालयात, काकू कोपऱ्यावरच्या नळाच्या रांगेत. माझी हाक कोसांवरच्या वलगावपर्यंत गेली असती, पण एव्हाना शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली होती. ती माझा शब्द न्‌ शब्द दळून टाकत होती. झरोका हाताएवढा. आणि न्हाणी लहान होत चालली. सुरुवातीला हात पसरता येत होते; मग कोपरं भिंतीला लागायला लागली; मग भिंती माझ्याबरोबर श्वास घेऊ लागल्या. आता हजेरी झाली असेल. आता क्षारांच्या पुड्या वाटल्या असतील.

मग डोकं चाललं. मार्चमधल्या अमरावतीत माणूस मेला तर शेजारी सावकाश येतात, पाणी सांडलं तर पळत येतात. मी न्हाणीतली भरलेली टाकी बादलीनं उपसून मोरीत ओतू लागलो. गल्लीत पूर आला, त्यात म्हशी पोहल्या, असं सगळे सांगतात. सगळ्यांना ते मीच सांगितलं. काकू घागर घेऊनच धावत आल्या आणि दार उघडलं.

"कावून सांडून राह्यला रे पानी? तुया बापानं नदी आणली काय इथं?"

"काकू, मी कवाचा कोंडलो आहो."

कपडे कुलपाआड. यजमानांचं धोतर गुंडाळून, कानात साबण घेऊन धावलो. प्रयोगशाळेचं दार बंद झालं होतं, आणि ते पाणी ओतून उघडणारं नव्हतं.

संध्याकाळी जोडीदार मान खाली घालून एवढंच म्हणाला, "मी पाह्यली तवा रिकामी होती ना बाप्पा." त्यात खोटं काही नव्हतं, हेच मला छळत राहिलं.

वडिलांनी आणखी एकच वर्ष दिलं. पुन्हा बुडालो तर पुढे त्यांचं सरकीचं दुकान. तेच पुस्तक, तीच खोली, तीच दोन दारं. जोडीदार पास होऊन नागपूरला गेला, नवा आला, मी तिथेच. त्या वर्षात मी रसायनापेक्षा न्हाणीचाच विचार जास्त केला आणि तोडगा काढला. अंगणात बंबाजवळच्या खुंटीवर एकच पितळी गडवा, म्हणजे तांब्या. तो हातात असल्याशिवाय न्हाणीत शिरायचं नाही, डोकावायचं नाही, कडीलाही हात लावायचा नाही. काकूंनी मान्य केलं. मांजरीनंही केलं असावं.

पुन्हा प्रॅक्टिकलची सकाळ आली. मी खुंटीवरचा गडवा काढला, न्हाणीपर्यंत गेलो, दोन दारं बघितली आणि तसाच मागे फिरलो. अंघोळ राहू दिली. गडवा सायकलच्या हँडलला अडकवला आणि कॉलेज गाठलं. तो माझ्याकडे असेपर्यंत जगात कोणी माझ्यावर कडी लावू शकत नव्हतं. बर्नरशेजारी तो दिवसभर चकाकत होता. परीक्षकांना उपकरण वाटलं.

परतलो तर ओट्यावर काकू, यजमान आणि नवा जोडीदार, तिघं खांद्यावर कोरडे टॉवेल टाकून बसलेले. यजमान बिनअंघोळीचे घराबाहेर पडत नसत, त्यामुळे कचेरीही बुडालेली.

"गेलं काय बरं?" काकूंनी विचारलं.

"गेलं काकू."

"मंग आण तो गडवा. अन् आज तुया नंबर सगळ्यात शेवटी."