बॅटरीच्या वर्गात ताईंनी विचारलेला प्रश्न

मित्रांनो, आज नगरला माझ्या बॅटरी-दुरुस्तीच्या वर्गात सोनईच्या एक ताई आल्या. त्यांचे मिस्टर माझ्याकडेच शिकलेले. मागच्या उन्हाळ्यात दुकानात चार्जिंगला लावलेली बॅटरी फुटली, ॲसिड डोळ्यांत गेलं आणि दोन्ही डोळे गेले. आता दुकान ताई चालवणार आहेत.

मी हल्ली नेहमी शिकवतो तेच शिकवत होतो. चार्जिंग करताना गॅस निघतो, जवळ ठिणगी पडू द्यायची नाही, गॉगल घातल्याशिवाय हात लावायचा नाही.

ताईंनी मधेच विचारलं, "सर, ह्यांला बी ह्ये सांगितलं हुतं का?"

"हो," मी म्हणालो.

"बरं," म्हणून त्या समोरच्या बॅटरीची बुचं उघडायला लागल्या.

घरी येऊन बसलोय. खरं तर त्यांच्या मिस्टरांना मी हे कधी सांगितलंच नव्हतं, आणि खोटं बोलल्याचं वाईटसुद्धा वाटत नाहीये. तुम्ही काय उत्तर दिलं असतं?