भाचीच्या दगडावरची ओळ

रविवारी मिस्सेची उपासना आटोपली की मी चर्चच्या पडवीत पोरांना धर्मशिक्षण शिकवतो. बाकी आठवडा मोहाडीच्या कचेरीत कारकुनी. दोन्हीकडे काम एकच, चुका काढायच्या. लग्नाची पत्रिकासुद्धा मी लाल पेन घेऊन वाचतो असं बायको म्हणते, आणि त्यात खोटं काही नाही.

देवदूतांचा धडा माझा लाडका. प्रत्येकाला जन्मापासून एक राखणदार देवदूत असतो, म्हणून बाकावर त्याच्यापुरती वीतभर जागा सोडून बसा, असं मी पोरांना सांगतो. माझ्या भाचीनं ते इतकं मनावर घेतलं की भंडाऱ्याच्या भरलेल्या एसटीतही ती सरकायची नाही. दुसरी गोष्ट मी दरवर्षी बजावतो, की माणूस मेल्यावर देवदूत होत नाही. दूत देवानं वेगळे घडवले, त्यांना देह नाही, मरण नाही. माणूस माणूसच राहतो आणि शेवटच्या दिवशी देहासकट उठतो.

मागच्या पावसाळ्यात भाची तापानं गेली. सात वर्षांची होती. बहिणीनं मला एकच काम सांगितलं.

"दादा, कबरीच्या दगडावर लिहून घेजो, आमची लेक देवदूत झाली. बाकी काही नको."

मी हो म्हणालो. शहापूरला हायवेलगत पाट्या कोरणारा आहे, देवळाच्या, विहाराच्या, घरांच्या सगळ्या पाट्या त्याच्याकडेच होतात. तिथं कागदावर ती ओळ लिहिली आणि मला चैन पडेना. वर्गातली पोरं हा दगड वाचणार, त्यांचे आईबाप वाचणार, आणि खाली माझीच भाची. मी ओळ खोडली. लिहिलं, "देवदूतांच्या संगतीत विसावलेली." मला ते फार छान वाटलं. बहीण दुःखात आहे, तिच्या लक्षात यायचं नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे मला तिला विचारायचंच नव्हतं, कारण ती काय म्हणेल ते मला ठाऊक होतं.

नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी आम्ही कबरींना चुना देतो, झेंडू वाहतो, मेणबत्त्या लावतो. त्याच्या आदल्या आठवड्यात दगड बसला होता. बहीण खाली बसली आणि अक्षरांवरून बोट फिरवत वाचू लागली. एकदा वाचलं, मग पुन्हा वाचलं. मी उगाच सरळ मेणबत्त्या आणखी सरळ करत होतो.

"हे मी सांगतलं नव्हतं," ती म्हणाली.

मी लगेच शिकवण सांगायला लागलो. दूत वेगळे, माणसं वेगळी, उलट आपल्या पोरीचा मान मोठा. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"तू बरोबरच असशीन, दादा. रविवारी पोरायले शिकव. माझ्या लेकीच्या दगडावर नको शिकवू."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती बोलते, गेलो की चहा ठेवते, पण त्यानंतर तिनं मला एकही काम सांगितलेलं नाही. कचेरीत मी एकच फाईल तीनतीनदा उघडतो. रविवारी देवदूतांचा धडा आला, तो मी वगळून पुढचा घेतला. फादरना सगळं सांगितलं, तर ते म्हणाले, शिकवण तुझी चुकलेली नाही. तेवढं मलाही माहीत होतं.

शेवटी परवा रजा टाकून शहापूर गाठलं. बहिणीची ओळ तिच्याच शब्दांत लिहून पाटीवाल्यापुढे ठेवली.

"कोरलेलं मिटत नाही, सर. नवा दगड लागन," तो म्हणाला. मग कागद वाचून त्यानं विचारलं, "मागच्या खेपेले चुकीचं लिहिलं होतं का?"

"नाही," मी म्हणालो. "बरोबर होतं. तिच्या आईला विचारलं नव्हतं."